क्लिनिकल शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या शिक्षणाची गोष्ट लिहिताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वैद्यकीय शिक्षणाच्या क्लिनिकल वर्षांत आहात. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘तुमच्या वैद्यकीय शिक्षणाची वैयक्तिक गोष्ट हजार शब्दांत सांगा’ असं म्हटलं आहे. तुम्हाला वाटतं की तुमच्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नाही: घरात कुणाचं मोठं आजारपण नाही, उपासमार नाही, कुठला चमत्कार नाही. उलट एक वर्ष मागे पडलेलं आहे आणि ते सांगावं की झाकावं हे कळत नाही. रुग्णाबद्दल लिहिलं तर चालतं का आणि एआयची मदत घेतली तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी मेडिसिन शिकवते आणि शिष्यवृत्तीच्या निवड समित्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. दरवर्षी ज्यांना खरोखर मिळायला हवी होती अशा काही मुलांचे अर्ज केवळ निबंधामुळे मागे पडताना पाहते आणि वाईट वाटतं, म्हणून जरा लांबण लावून लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, निबंध वाचणारी माणसं तुमच्या दुःखाचं माप काढायला बसलेली नसतात. बहुतेक ठिकाणी दोन किंवा अधिक परीक्षक एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे गुण देतात. समोर निकषांचा तक्ता असतो: हे प्रशिक्षण या व्यक्तीला का हवं आहे, ती ते पेलेल का, मिळालेलं वापरेल का, अडचणीत कशी वागते. प्रत्येक रकान्यात आकडा टाकताना परीक्षक निबंधात पुरावा शोधत असतो. ‘मला रुग्णसेवेची तळमळ आहे’ या वाक्यावर बोट ठेवून आकडा टाकता येत नाही. ‘त्या दिवसापासून मी डिस्चार्जच्या आधी प्रत्येक रुग्णाला इनहेलर वापरून दाखवायला सांगते’ या वाक्यावर टाकता येतो. माझं सगळं म्हणणं यातच आलं: शिष्यवृत्ती मिळवून देणारी गोष्ट तुमच्यावर काय ओढवलं याची नसते, शिकताना तुमचं वागणं कुठे आणि कसं बदललं याची असते. आणि असं काही घडलं नाही असा क्लिनिकल विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. घडलेलं असतं, फक्त त्याला कुणी ‘गोष्ट’ म्हणालेलं नसतं.

हलाखी असेल तर ती जरूर सांगा, पण तिच्या जागी. बहुतेक अर्जांत आर्थिक परिस्थितीसाठी वेगळा रकाना असतो. तिथे उत्पन्न, कर्ज, घरात कमावणारे किती, हे स्वच्छ आकड्यांत लिहा. निबंधात ती आलीच तर तुमच्या शिकण्याशी जोडलेली असू द्या. रात्रपाळीची नोकरी करून शिकलेला एक विद्यार्थी मला आठवतो. नोकरीच्या कष्टांवर त्याने दोनच वाक्यं खर्च केली होती. पुढे लिहिलं होतं की दिवसा ओपीडीत येणं न परवडणारे रुग्ण औषधं का सोडतात हे आपल्याला पुस्तकाआधी कळलं, आणि म्हणून हिस्ट्री (रुग्णाच्या तक्रारींची माहिती) घेताना आपण ‘कामाची पाळी कुठली?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो. त्या एका प्रश्नाने त्याच्या कष्टांचं वजन वाचकाला जाणवलं.

आता प्रसंग कसा निवडायचा. इथेच सगळ्यात जास्त मुलं चुकतात, म्हणून इथे थोडं थांबते.

मुलं सर्वांत नाट्यमय प्रसंग निवडतात. अतिदक्षता विभाग, कोड ब्लू (हृदय बंद पडल्याची तातडीची हाक), धावपळ, मॉनिटरवर सरळ रेषा, मग शॉक, मग हृदय पुन्हा सुरू. यात दोन अडचणी आहेत. पहिली, त्या प्रसंगात विद्यार्थी बहुधा भिंतीला टेकून उभा असतो; काम इतर करतात, त्यामुळे निबंधात त्याच्या वाट्याला फक्त भावना उरतात. दुसरी अडचण गंभीर आहे. वाचणारे डॉक्टर असतात. सरळ रेषेला, म्हणजे असिस्टोलला, शॉक देत नाहीत. तिथे छाती दाबणं आणि ॲड्रेनलिन हा उपचार असतो. शॉक असतो तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदय नुसतं थरथरणं) आणि नाडी नसलेल्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासाठी (हृदय अतिवेगाने धडधडणं). निबंधात सरळ रेषेवर शॉक आला की परीक्षकाला कळतं, हे पडद्यावर पाहिलेलं आहे, वॉर्डात नाही. मग पुढची खरी वाक्यंही संशयाने वाचली जातात.

मी विद्यार्थ्यांना एक सोपी कसोटी सांगते. प्रसंगात तुम्ही स्वतःच्या हाताने, डोळ्यांनी किंवा तोंडाने काहीतरी केलेलं असलं पाहिजे: विचारलं, पाहिलं, तपासलं, थांबवलं, कुणाला तरी जाऊन सांगितलं. आणि त्यानंतर तुमच्या रोजच्या कामात काहीतरी कायमचं बदललेलं असलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी असतील तर प्रसंग कितीही साधा चालतो. उलट साधाच बरा, कारण त्यात तुम्ही दिसता.

एका विद्यार्थ्याचा मसुदा त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणारे तपशील बदलून सांगते. त्याने पहिल्यांदा लिहिलं होतं:

‘संवाद किती महत्त्वाचा असतो हे मला वैद्यकीय शिक्षणाने शिकवले. एका वृद्ध रुग्णाची साखर नियंत्रणात येत नव्हती. मी त्यांच्याशी आपुलकीने बोललो, त्यांचा विश्वास संपादन केला आणि समस्येचे मूळ शोधून काढले. त्या दिवशी मला डॉक्टर असण्याचा खरा अर्थ उमगला.’

यात खोटं काही नाही. पण हा परिच्छेद कुणाच्याही निबंधात बसेल. मी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, नक्की काय झालं ते पहिल्यापासून सांग. तो बोलायला लागला आणि खरी गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या खेपेला त्याने लिहिलं:

‘आजींचा इन्सुलिनचा डोस ओपीडीत तीनदा वाढवला होता, तरी घरी साखर उतरत नव्हती. म्हणून भरती केलं. वॉर्डात तोच डोस सिस्टरनी सिरिंजने दिला आणि पहिल्याच रात्री आजींना दरदरून घाम फुटला, साखर सत्तरच्या खाली गेली. सकाळच्या राउंडला कारण ठरलं: हॉस्पिटलचं मोजकं जेवण. मला ते पटलं होतं, पण पूर्ण नाही. दुपारी मी आजींना म्हटलं, घरी इन्सुलिनचं पेन कसं घेता ते मला करून दाखवा. त्यांनी सुईवरचं मोठं टोपण काढलं. आतलं लहान टोपण तसंच राहिलं. पेन पोटाला टेकवून बटण दाबलं, मनात दहा आकडे मोजले आणि पेन बाजूला घेतलं. कातडीवर एक थेंब होता. तो त्यांनी बोटाने पुसला आणि म्हणाल्या, झालं. मी धावत रेसिडेंट मॅडमना सांगायला गेलो. मला वाटलं, टोपण काढायला शिकवलं की संपलं. त्या म्हणाल्या, आता टोपण काढून हाच वाढवलेला डोस घरी घेतला तर काय होईल? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी डोस खाली आणला, मग शिकवलं.’

आता परीक्षक काय पाहतो ते बघा. या विद्यार्थ्याने दोन निरीक्षणांतली विसंगती पकडली: घरी जो डोस पुरत नव्हता तोच वॉर्डात जास्त झाला. त्याने विचारलं नाही, करून दाखवायला सांगितलं. ‘पेन नीट घेता ना?’ असं विचारलं असतं तर आजी ‘हो’ म्हणाल्या असत्या आणि तिथेच सगळं थांबलं असतं. आतलं टोपण तसंच राहिलं की सुई कातडीत जात नाही आणि इन्सुलिन बाहेरच राहतं; इन्सुलिन पेनच्या वापरातली ही माहीत असलेली चूक आहे, त्यामुळे वाचणाऱ्या डॉक्टरला तपशील लगेच खरा वाटतो. सगळ्यात जास्त गुण मात्र शेवटच्या भागाला मिळतात. वाढवलेल्या डोसचा धोका आपल्या लक्षात आला नव्हता, तो वरिष्ठांनी दाखवला, हे त्याने सरळ लिहिलं. जो विद्यार्थी आपल्याला काय कळलं नव्हतं ते नेमकं सांगू शकतो, त्याला शिकवता येतं. शिष्यवृत्ती म्हणजे शिकवण्यासाठी दिलेले पैसे. समिती तेच तर शोधत असते.

इथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. राउंडवर चुकीचं कारण ठरलं, पण निबंधात कुणाला दोष दिलेला नाही. ‘सीनियर्सनी दुर्लक्ष केलं, मी मात्र शोधून काढलं’ असा सूर लागला असता तर हाच प्रसंग त्याच्यावर उलटला असता. उद्या हा आपल्या विभागात आल्यावर टीममध्ये कसा वागेल, हा विचार परीक्षकाच्या मनात असतोच. त्याने ‘मला ते पटलं होतं, पण पूर्ण नाही’ एवढंच लिहिलं. तेवढं पुरलं.

प्रसंगानंतर काय, हा निबंधाचा खरा कणा. चिंतनशील लेखनाचा एक आराखडा आरोग्य शिक्षणात सर्रास शिकवला जातो, ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेला. त्यात सहा टप्पे आहेत: काय घडलं, काय वाटलं, त्यात चांगलं-वाईट काय, तसं का झालं, निष्कर्ष काय आणि पुढे काय करणार. आराखडा चांगला आहे, पण मुलं पहिल्या दोन टप्प्यांत सातशे शब्द घालवतात आणि ‘पुढे काय’ला शेवटची दोन वाक्यं उरतात, तीही ‘यापुढे मी अधिक संवेदनशील राहीन’ अशा थाटाची. शिष्यवृत्तीच्या निबंधात वजन उलटं हवं. वरच्या विद्यार्थ्याने पुढे लिहिलं की त्या दिवसापासून तो इनहेलर, पेन, डोळ्यांचे थेंब, काहीही घरी घेणाऱ्या रुग्णाला ‘दाखवा’ म्हणतो. वॉर्डातल्या सिस्टरना विचारून त्याने पेनच्या पायऱ्यांची चित्रं असलेला एक कागद केला. पहिल्या कागदावर दोन टोपणं सारखीच दिसत होती, रुग्ण गोंधळले, म्हणून दुसऱ्यात आतल्या टोपणाला वेगळा रंग दिला. समजावल्यावर रुग्णाकडून ते परत सांगून किंवा करून घेण्याच्या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात, हे त्याला नंतर वाचनात कळलं. आणि इथून तो शिष्यवृत्तीकडे वळला: ज्या केंद्रात मधुमेहाच्या रुग्णांना परिचारिका आणि डॉक्टर मिळून स्वतःची काळजी घ्यायला शिकवतात, तिथे त्याला काही आठवडे काम करायचं होतं. निबंध वाचणाऱ्याला हा दुवा जुळवावा लागला नाही. टोपणापासून त्या केंद्रापर्यंत रस्ता सरळ दिसत होता.

तुमच्या निबंधात हा रस्ता दिसतो का, ते तपासा. ‘हे केंद्र जगप्रसिद्ध आहे’ हे कारण नाही, ते केंद्राला आधीच माहीत आहे. तिथे काय शिकायला मिळतं जे तुमच्या आत्ताच्या जागी मिळत नाही, कोणतं कौशल्य, कोणाच्या देखरेखीखाली, किती काळ, आणि परत आल्यावर ते कोणत्या रुग्णांसाठी वापरणार, हे लिहा. खर्चाचा तक्ताही त्याच गोष्टीशी जुळला पाहिजे. निबंधात समाज आरोग्याचं प्रेम आणि तक्त्यात सगळा पैसा एका सर्जरी कार्यशाळेचा, असे अर्ज येतात. समितीत त्यावर लगेच बोट ठेवलं जातं.

अर्जांचा एकूण कलही याच दिशेने चालला आहे. ब्रिटनच्या यूकास या प्रवेशयंत्रणेने २०२६ च्या प्रवेशांपासून एकसंध वैयक्तिक निवेदन बंद करून त्याचे तीन प्रश्न केले: हा अभ्यासक्रम का, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही त्यासाठी काय केलं. हे प्रवेशाचं झालं, शिष्यवृत्तीचं नाही, पण तुमच्या अर्जात एकच मोकळा रकाना असला तरी वाचणारा मनात हेच तीन प्रश्न घेऊन वाचतो, असं धरून चाला.

मागे पडलेल्या वर्षाबद्दल. गुणपत्रिका अर्जाला जोडलेली असते, त्यामुळे ते दिसतंच. न बोललेली गोष्ट वाचणारा स्वतःच्या कल्पनेने भरतो आणि ती कल्पना बहुधा वास्तवापेक्षा वाईट असते. म्हणून सांगा, पण तीन-चार वाक्यांत: काय झालं, मुख्य कारण काय, तुम्ही काय बदललंत आणि त्याचा परिणाम कुठे दिसतो. ‘फार्माकॉलॉजीत मी अडकले. पाठांतरावर भर होता आणि मदत मागायला मी घाबरत होते. दुसऱ्या खेपेला आठवड्यातून एकदा दोन मैत्रिणींना एकेक औषधगट शिकवायला लागले. पुढच्या दोन्ही परीक्षांत तो माझा सर्वांत चांगला विषय ठरला.’ असं काही. कारण मानसिक आजाराचं किंवा घरातलं खासगी असेल तर तपशील देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ‘प्रकृतीच्या कारणाने’ एवढं पुरतं, आणि समितीने खोदून विचारू नये असं मला ठामपणे वाटतं. मात्र कारण परिस्थितीचं असलं तरी बदल तुमचा असू द्या. परीक्षा अन्यायकारक होती, पेपर तपासणारे कडक होते, या वाटेने जाऊ नका. खरं असलं तरी परीक्षकाला ते पडताळता येत नाही, आणि पडताळता न येणाऱ्या तक्रारीला तो गुण देऊ शकत नाही.

आता रुग्णाबद्दल लिहिणं. चालतं, पण रुग्णाची गोष्ट तुमच्या मालकीची नाही हे लक्षात ठेवून. नाव काढलं की झालं असं मुलांना वाटतं. अमेरिकेच्या हिपा या, रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलच्या, कायद्याच्या नियमांत ओळख पुसण्याची एक पद्धत दिलेली आहे आणि त्यात १८ प्रकारचे तपशील काढायला सांगितले आहेत. नाव हा त्यातला फक्त एक. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख त्यात आहे, राज्यापेक्षा लहान ठिकाण आहे, ८९ च्या वरचं नेमकं वय आहे, चेहऱ्याचा फोटो आहे. तुम्हाला तो कायदा लागू असो वा नसो, स्वतःचा निबंध तपासायला ही यादी उत्तम आहे. तरीही यादी पुरेशी नसते. दुर्मीळ आजार, रुग्णाचा वेगळा व्यवसाय आणि तुमच्या अर्जावर असलेलं कॉलेजचं नाव, ही तीन एकत्र आली की त्या गावातला कुणीही माणूस ओळखेल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तर स्पष्टच म्हटलं आहे की फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी टाकणं ओळख लपवायला अपुरं आहे. म्हणून आजार तोच ठेवा, पण वय, नातं, व्यवसाय, काळ यांतलं जे गोष्टीला आवश्यक नाही ते गाळा. रुग्ण संपर्कात असेल तर विचारा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. हे करणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुतेक रुग्ण आनंदाने होकार देतात, आणि कधीकधी ‘तसं नव्हतं झालं’ असं सांगून गोष्ट दुरुस्तही करतात. तुमच्या कॉलेजचे याबाबतचे नियम असतील तर ते आधी पाहा.

नियमांपलीकडचंही एक आहे. वाचून संपल्यावर रुग्ण माणूस म्हणून डोळ्यांसमोर राहतो का? की तो तुम्हाला शहाणं करण्यासाठी आजारी पडला आणि तुमचं शहाणपण आल्यावर निबंधातून नाहीसा झाला? मृत्यूच्या प्रसंगांत हे फार घडतं. रुग्ण दगावतो आणि पुढच्याच वाक्यात विद्यार्थ्याला साक्षात्कार होतो. असा प्रसंग लिहायचाच असेल तर साक्षात्कार गाळा. तुम्ही नातेवाइकांसाठी काय केलंत, काय करता आलं नाही, पुढच्या वेळी कोणाला लवकर बोलावलंत, ते लिहा.

प्रसंग आठवत नसतील तर एक जुनी, छान पद्धत आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टर रीटा शेरॉन यांनी १९९३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी ‘पॅरलल चार्ट’ सुरू केला. कल्पना अशी की रुग्णाच्या केस शीटमध्ये जे लिहिता येत नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते विद्यार्थ्याने साध्या भाषेत वेगळं लिहायचं. रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा बसा आणि त्या आठवड्यात कुठल्या क्षणी तुम्हाला वाटलेलं आणि निघालेलं वेगळं होतं, तेवढंच टिपून ठेवा. नाव-गाव न लिहिता. अर्जाच्या मुदतीला अजून दोन महिने असतील तर आत्ता सुरू केलंत तरी निबंधापुरतं पुष्कळ साठेल. मुदत जवळ असेल तर जुन्या पोस्टिंगचं वेळापत्रक समोर घ्या आणि प्रत्येक विभागात पहिल्यांदा एकटीने काय केलंत ते आठवा.

लिहायला बसण्याआधी गोष्ट मोठ्याने सांगा, वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. बोलताना माणूस ‘रुग्णकेंद्री दृष्टिकोन’ म्हणत नाही, ‘मग मी त्यांच्या शेजारी बसले’ म्हणतो. ते शब्द कागदावर उतरवा. सुरुवात प्रसंगाच्या मधूनच करा. ‘लहानपणापासून डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं’ हे वाक्य काढून टाका. ते खरं असलं तरी बाजूच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या निबंधांत आहे. थोर डॉक्टरांची वचनंही नकोत, हजार शब्दांत तुमच्याखेरीज कुणाला जागा नाही. साधारण चारशे शब्द प्रसंगाला, तीनशे नंतरच्या बदलाला, उरलेले या प्रशिक्षणाला, असा अंदाज धरा. मागे पडलेलं वर्ष बदलाच्या भागात नैसर्गिकपणे बसतं. शब्दमर्यादा ओलांडू नका. काही ऑनलाइन अर्ज मर्यादेपुढचा मजकूर सरळ कापतात आणि नेमका तुमचा शेवट जातो.

एआयबद्दल. आधी त्या शिष्यवृत्तीचा नियम वाचा. काही ठिकाणी पूर्ण मनाई असते, काही ठिकाणी वापर नमूद करावा लागतो. नियम परवानगी देत असला तरी शुद्धलेखन आणि लांबलेली वाक्यं यांपलीकडे मी जाऊ देणार नाही. अशा साधनाला टोपणाखालचा थेंब माहीत नसतो. त्याने दिलेला मजकूर त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यासारखाच निघतो. आणि रुग्णाची खरी माहिती कुठल्याही अशा साधनात टाकू नका. तो गोपनीयतेचा भंग आहे, मग निबंध कितीही चांगला होवो.

शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना निबंध आधी दाखवा, निदान प्रसंग सांगा. तुम्ही इन्सुलिनबद्दल लिहिलंय आणि पत्रात फक्त ‘नियमित, नम्र, हुशार’ आहे, तर पत्र वाया जातं. त्याच पत्रात ‘हिने माझ्या वॉर्डात चित्रांचा कागद केला, तो आम्ही अजून वापरतो’ हे एक वाक्य आलं तर तुमच्या गोष्टीला साक्षीदार मिळतो. त्यासाठी शिक्षकांना किमान तीन आठवडे द्या. आदल्या रात्री मागितलेलं पत्र आदल्या रात्रीसारखंच उतरतं.

मुलाखत असेल तर निबंधातल्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येऊ शकतो. डोस किती होता, तो किती कमी केला, साखर खाली गेल्यावर त्या रात्री काय दिलं, कागद वापरल्याने फरक पडला हे कशावरून म्हणता. शेवटच्या प्रश्नावर मुलं अडखळतात. ‘मोजलं नाही, पण दोन रुग्णांनी आतलं टोपण स्वतःहून काढून दाखवलं’ हे प्रामाणिक उत्तर आहे आणि समितीला ते आवडतं. ‘रुग्णांचं समाधान खूप वाढलं’ हे आवडत नाही. म्हणून निबंधात जे लिहाल त्यामागचं क्लिनिकल ज्ञान पक्कं करा. हायपोग्लायसेमियावर, म्हणजे साखर फार खाली जाण्यावर, गोष्ट लिहून त्याचा उपचार सांगता आला नाही तर ते गुण परत जातात.

निवड झाली नाही तर अभिप्राय मागा. काही संस्था देतात. तोच निबंध दुसरीकडे पाठवायला हरकत नाही, पण शेवटचा तिसरा भाग त्या ठिकाणासाठी नव्याने लिहावा लागेल, कारण तिथे शिकायचं वेगळं असणार. प्रसंग आणि बदल तसेच ठेवा. पाठवण्याआधी आधीच्या संस्थेचं नाव कुठे राहिलं नाही ना, ते एकदा शोधून पाहा. चांगले चांगले अर्ज त्या एका नावाने बाजूला पडलेले मी पाहिले आहेत.